विनंति पुष्कळ, विशेष कांहीं नाहीं

नोकरीसाठीं अर्ज कसा लिहावा, हा विषय वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कां यावा, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. काव्य, कादंबरी, नाटक यांची चर्चा सोडून आम्ही कारकुनी कागदांत कां शिरलों, असेंही कोणी विचारील. त्यांस आमचें उत्तर सरळ आहे. आपल्या सुशिक्षित घरांतील तरुण मुलगा अगर मुलगी आयुष्यांत एखादी कविता लिहील कीं नाहीं याची शंका आहे. निबंध तर परीक्षेपुरताच लिहील. पण अर्ज मात्र दहा वेळां, वीस वेळां, कित्येकदां शंभर वेळां लिहील. स्वतःच्या कामाविषयीं, अनोळखी माणसास उद्देशून लिहिलेलें गद्य बहुतेकांच्या हातून एवढेंच होतें. जें गद्य सबंध पिढी लिहिते तें वाईट असेल, तर ती वाङ्मयाचीच बाब होय. आणि तें वाईट आहे, इतकेंच नव्हे तर दिवसेंदिवस अधिक वाईट होत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सरकारी जागांची गोष्ट येथें सोडून देऊं. तेथें ठराविक रकाने भरावयाचे असतात आणि पुढें परीक्षा असते. उमेदवाराच्या गद्याशीं कोणाला कर्तव्य नसतें. परंतु कारखाने, खासगी बँका, शिक्षणसंस्था, वृत्तपत्रें, रुग्णालयें आणि परदेशांतील कंपन्या या ठिकाणीं बायोडेटासोबत एक पानभर पत्र जोडावें लागतें. त्याला 'कव्हर लेटर' असें नांव रूढ झालें आहे, आणि या नांवानेंच घोटाळा केला आहे. कव्हर म्हणजे वेष्टन, आणि वेष्टन कोणी वाचीत नाहीं, अशी समजूत करून घेऊन आमचे तरुण तें पत्र हातीं येईल तेथून उचलतात. वस्तुतः गोष्ट उलट आहे. बायोडेटांत परीक्षा, सालें आणि टक्केवारी असते. ती शंभर उमेदवारांची जवळजवळ सारखीच असते. या मनुष्यानें प्रत्यक्ष काय केलें आहे, आणि याला हीच जागा कां हवी, हें सांगण्यास ठिकाण एकच, आणि तें म्हणजे हें पत्र.

आपल्या जुन्या पत्रांत मायन्यानंतर एक ठराविक शब्दावलि येत असे: 'साष्टांग नमस्कार विनंति विशेष', संक्षेपानें 'सा. न. वि. वि.'. आजोबांच्या पत्रांतून हीं अक्षरें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलेलीं असतील. त्यांचा अर्थ साधा आहे. नमस्कार झाला, विनंति झाली, आतां विशेष, म्हणजे ज्यासाठीं पत्र लिहिलें तो मुद्दा. मग मजकूर येई: अमुक बागेंतलीं कलमें लागलीं, तमुक खटल्याची तारीख पडली, इतके रुपये मनिऑर्डरीनें पाठविले. 'कळावें, लोभ असावा' येईपर्यंत वाचणाऱ्याच्या हातीं कांहींतरी पडलेलें असे. हल्लींचे अर्ज वाचून पाहिले तर असें दिसतें कीं त्यांत विनंति पुष्कळ आहे, विशेषणांचा तर सुकाळ आहे; विशेष तेवढें नाहीं. आमचें सारें म्हणणें या एका वाक्यांत आलें. पुढील लेखन त्याच्या समर्थनार्थ आहे.

हे अर्ज दोन जातींचे आहेत. पहिली जात जुनी. तिच्यांत अर्जदार पहिल्याच ओळीस लोटांगण घालतो. 'मी अत्यंत गरीब कुटुंबांतील असून', 'घरची सर्व जबाबदारी मजवर असून', 'आपण कृपावंत होऊन ही संधि द्यावी, मी आपला आजन्म ऋणी राहीन', असा तिचा थाट असतो. इंग्रजी अमदानींत कचेरीच्या आवारांत बसणाऱ्या अर्जनविसांच्या हातीं हा साचा पक्का झाला; 'मायबाप सरकार' हें त्याचें एक टोक आणि 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' हें दुसरें. साहेब गेल्याला पाऊणशें वर्षें होऊन गेलीं, पण साचा कायम आहे. नोकरी म्हणजे मेहेरबानी अशी ज्या घरांत अजून समजूत आहे, त्या घरांतील वडीलधारी मंडळीच मुलाच्या पत्रांत हीं वाक्यें आग्रहानें घालतात. रत्नागिरीच्या सरकारी शाळेंत शिक्षक असलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७९ सालीं नोकरी सोडली आणि १८८० च्या आरंभीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें, ही हकीकत आमचीं मुलें परीक्षेसाठीं पाठ करतात, आणि अर्ज लिहितांना मात्र आज्ञाधारक सेवक होतात. चिपळूणकरांप्रमाणें नोकरी सोडावी असें आम्ही कोणास सांगत नाहीं. नोकरी मागण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. कमीपणा आहे तो दया मागण्यांत. कारण दया मागणारा आपल्या कामाची किंमत सांगत नाहीं, आणि ऐकणाऱ्यालाही ती कळूं देत नाहीं.

दुसरी जात नवी. तिच्यांत अर्जदार लोटांगण घालीत नाहीं. तो छाती काढून उभा राहतो. 'मी अत्यंत उत्साही, कष्टाळू, प्रामाणिक, महत्त्वाकांक्षी, सर्वांशीं मिळूनमिसळून वागणारा, ताणाखालीं शांत राहणारा व नेतृत्वगुणसंपन्न असा उमेदवार आहें.' हें वाक्य बहुधा इंग्रजींत असतें, म्हणून त्याचा पोकळपणा चटकन लक्षांत येत नाहीं. मराठींत उतरवून पाहिलें म्हणजे तो उघडा पडतो. सात गुण सांगितले, आणि घडलेली गोष्ट एकही नाहीं! ज्या वाक्याखालीं शंभर जण सही करूं शकतात, तें वाक्य त्यांपैकीं कोणाचेंच नव्हे. शिवाय तर्कशास्त्राचा एक साधा नियम आहे. 'मी आळशी व अप्रामाणिक आहें' असें कोणताही उमेदवार लिहिणार नाहीं. ज्या विधानाच्या उलट विधान कोणी करणारच नाहीं, तें केल्यानें ऐकणाऱ्याच्या ज्ञानांत तिळमात्र भर पडत नाहीं. पहिला अर्जदार स्वतःला धूळ म्हणवितो, दुसरा पर्वत म्हणवितो. परंतु आपण काय केलें तें दोघेही सांगत नाहींत. दोन्ही जातींचें कुळ एकच आहे.

या दुसऱ्या जातीला अलीकडे एक मोठा कारखाना मिळाला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी हें यंत्र लोकांस खुलें झालें, आणि तेव्हांपासून जागेचें नांव सांगितल्याबरोबर निर्दोष इंग्रजींतील पानभर पत्र तयार मिळूं लागलें. आम्ही यंत्राचे शत्रु नाहीं. शुद्धलेखन तपासणें, लांबलेलें वाक्य आटोपशीर करणें, अडलेला इंग्रजी शब्द सुचविणें, हीं कामें तें बरीं करतें. आणि ज्याच्या घरीं इंग्रजी जाणणारें कोणी नाहीं, त्याला तो मोठा आधार आहे. पण यंत्राला उमेदवाराचें विशेष ठाऊक नसतें. तें कोणी सांगितलें नाहीं म्हणजे यंत्र मोकळी जागा विशेषणांनीं भरून काढतें, क्वचित् न घडलेली कामगिरीही घालतें. आणि मुलाखतींत त्या कामगिरीविषयीं विचारलें म्हणजे उमेदवाराला पाणी मागावें लागतें. पूर्वीं चुकांमुळें तरी पत्रें एकमेकांपासून निराळीं दिसत. आतां तीं एकजात गुळगुळीत झालीं आहेत. अशा शंभर पत्रांत वाचणाऱ्याची नजर थांबावी तरी कोठें?

'अर्ज' हा शब्द आपण अरबींतून फारसीच्या मार्गानें घेतला. पुढें मांडणें, सादर करणें, असा त्याचा मूळ अर्थ आहे. त्यांत याचना नाहीं आणि आत्मस्तुतिही नाहीं. आपल्याकडे लिहिणें ही शिकून घ्यावयाची विद्या होती. कारकुनानें हिशेब कसा ठेवावा, कोणास कोणता मायना घालावा, हें सांगणारीं 'मेस्तकें' रचलीं जात, आणि परंपरा त्यांच्याशीं हेमाद्रीचें नांव जोडते. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. परमार्थ सांगणाऱ्या ग्रंथांत अक्षराचें वळण, ओळींचा सरळपणा, लेखणी आणि शाई यांची एवढी काळजी वाहिलेली पाहून मन थक्क होतें. ज्या समाजांत लिहिण्याची अशी आस्था होऊन गेली, त्या समाजांतील पदवीधरानें स्वतःविषयींचें पानभर पत्र उसनें आणावें, हें आम्हांस मोठें लाजिरवाणें वाटतें.

विशेष असलेला अर्ज कसा असतो, याचें उदाहरण दूर शोधण्याचें कारण नाहीं. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र महाराष्ट्रास परिचित आहे. त्यांचा अर्ज तितका परिचित नाहीं. त्यांचे पति गोपाळराव हे टपाल खात्यांत नोकरीस होते. आपल्याला अमेरिकेंत काम मिळावें व पत्नीला शिक्षण मिळावें, अशा इच्छेचें पत्र त्यांनीं १८७८ सालीं कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलें. तें पुढें अमेरिकेंतील एका मिशनरी नियतकालिकांत प्रतिकूल उत्तरासह छापून आलें. अर्ज या दृष्टीनें तें फसलें. तरीही न्यू जर्सींतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनीं दंतवैद्याकडे बसल्या असतां तें वाचलें, आणि त्या दोघां अनोळखी माणसांविषयीं त्यांना आस्था वाटूं लागली. एक हिंदु गृहस्थ आपल्या पत्नीला शिकवूं पाहतो, एवढें विशेष त्या पत्रांत होतें, आणि तेवढें पुरेसें झालें.

पुढें १८८३ च्या जूनमध्यें, अमेरिकेंत पोंचल्यावर, अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनीं पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठीं स्वतः पत्र लिहिलें. त्यांत त्यांनीं काय सांगितलें? प्रवेशाच्या सर्व अटींस आपण कदाचित् उतरणार नाहीं, हें आधींच सांगून टाकलें. आप्तांचा व जातीचा विरोध सोसून ज्या निश्चयानें आपण येथवर आलों, तोच निश्चय पुढें उपयोगीं पडेल, असें म्हटलें. आणि मग मुख्य मुद्दा मांडला: आपल्या देशांतील स्त्रिया पुरुष वैद्याचे उपचार घेण्यापेक्षां मरण पत्करतात, त्यांच्यासाठीं हें शिक्षण हवें आहे. स्वतःकरितां कांहीं मागणें नाहीं, कामाकरितां जें लागेल तेवढें मागणें आहे. या पत्रांत विनंति आहे, नम्रपणाही आहे. पण दोन्ही विशेषाच्या मागून चालतात. आनंदीबाईंस प्रवेश मिळाला, १८८६ च्या मार्चमध्यें त्या पदवीधर झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांच्या त्या पत्रांतून विशेषणें वगळलीं तरी पत्र उभें राहतें. आमच्या हल्लींच्या अर्जांतून तीं वगळलीं तर उरेल तो फक्त पत्ता.

दुसरें उदाहरण श्रीनिवास रामानुजन् यांचें. १९१२ च्या फेब्रुवारींत त्यांनीं मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्यें कारकुनाच्या जागेसाठीं अर्ज केला. अर्ज अगदीं थोडक्यांत आहे. मॅट्रिक झालों, एफ. ए. पर्यंत शिकलों, अडचणींमुळें पुढें शिकतां आलें नाहीं, तेव्हांपासून सर्व वेळ गणिताला दिला आहे, हें काम नीट करीन असा भरंवसा आहे, इतकेंच. जागा महिना ३० रुपयांची होती, आणि ती त्यांना मिळाली. पुढच्या वर्षीं जानेवारींत त्यांनीं केंब्रिजच्या हार्डींस जें पत्र लिहिलें, त्यांतही आपण अल्प पगाराचे कारकून आहों व विद्यापीठाचें शिक्षण आपल्याला मिळालेलें नाहीं, हें प्रथम सांगितलें, आणि सोबत पानेंच्या पानें सिद्धान्त जोडले. 'मी असामान्य बुद्धीचा आहें' असें लिहिण्याचा अधिकार या पुरुषाइतका दुसऱ्या कोणास असणार? त्यांनीं तें लिहिलें नाहीं. सिद्धान्त जोडल्यावर लिहिण्याची गरज राहिली नव्हती.

युरोपांतील एक जुनें उदाहरणही येथें उपयोगीं पडेल. सुमारें १४८२ सालीं लिओनार्दो दा विंची यानें मिलानच्या लुडोव्हिको स्फोर्झाकडे आश्रय मागण्यासाठीं रचलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. जग त्याला चित्रकार म्हणून ओळखतें. पण त्या पत्रांत चित्रकला अगदीं शेवटीं येते. आधीं येतात ते सहज उचलून नेतां येणारे पूल, वेढ्याचीं साधनें, तोफा आणि सुरुंग. कारण स्फोर्झाला चिंता होती ती लढाईची. शिवाय यांतील एखादी गोष्ट अशक्य वाटली तर करून दाखवितों, असेंही त्यांत म्हटलें आहे. ही बढाई नव्हे काय, असें कोणी विचारील. बढाई असेल, पण ती नांवनिशीवार आहे, आणि तिची परीक्षा घेतां येते. समोरच्याची गरज आधीं ओळखावी आणि आपल्यापाशीं तिला उपयोगीं पडणारें काय आहे तें दाखवावें, हा धडा त्यांत आहे.

हीं सारीं असामान्यांचीं उदाहरणें झालीं. आमच्या साध्या मुलांपाशीं असें काय आहे, असें पालक म्हणतील. पुष्कळ आहे. पण तें त्यांना लिहिण्याजोगें वाटत नाहीं, आणि खरें नुकसान तें हेंच.

रत्नागिरीहून भाट्याची खाडी ओलांडून, गोळपावरून दक्षिणेस गेलें म्हणजे पावस लागतें. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमुळें हें गांव महाराष्ट्रभर ठाऊक आहे, आणि भोंवतालच्या हापूसच्या बागांमुळेंही. कोंकणच्या या हापूसला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें वर्तमानपत्रांनीं सर्वांस सांगितलें. परंतु आंबा झाडावरून उतरल्यापासून पैसे हातीं पडेपर्यंत केवढा हिशेब मध्यें असतो, हें बागायतदाराच्या घरांतच कळतें. येथील एक विद्यार्थिनी, वाणिज्य शाखेची पदवीधर, आंब्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यांतील हिशेबनिसाच्या जागेसाठीं लिहिलेलें पत्र घेऊन आमच्याकडे आली. पत्र निर्दोष होतें. म्हणजे वर सांगितलेल्या सात गुणांचें होतें. आंब्याच्या दिवसांत तूं घरीं काय करतेस, असें आम्हीं तिला विचारलें. तेव्हां कळलें कीं घरच्या बागेचा आणि शेजारच्या दोन बागांचा हिशेब तीन वर्षें हीच मुलगी ठेवते. पेट्या किती भरल्या, कोणती पेटी किती डझनांची, कोणत्या गाडीनें वाशीच्या बाजारांत गेली, हें सर्व तिच्या वहींत असतें. दलालाकडून पट्टी आली म्हणजे दलाली, हमाली व गाडीभाडें वजा जातां काय राहिलें, तें ती ताडून पाहते. एकदां पट्टींत अकरा पेट्या कमी धरल्या होत्या. तिनें वही दाखवून त्या जमा करून घेतल्या. मग हें पत्रांत कां नाहीं, असें विचारतां ती म्हणाली, 'सर, हें घरचें काम. कारखान्याच्या लोकांना हें कसें सांगायचें?'

या एका उत्तरांत आमच्या शिक्षणाचा निकाल लागला. पंधरा वर्षें शिकून मुलीला समजलें तें इतकेंच, कीं जें आपण खरोखर करतों तें सांगण्यासारखें नसतें, आणि जें सांगावयाचें तें आपण केलेलें असलेंच पाहिजे असें नाहीं! तिनें मग पत्र पुन्हां लिहिलें, प्रथम मराठींत आणि नंतर इंग्रजींत. मराठी मजकूर असा होता:

'आपल्या कारखान्यांत हिशेबनिसाची जागा असल्याची जाहिरात वाचली. त्या जागेसाठीं हा अर्ज आहे. हंगामांत बागायतदारांकडून येणाऱ्या मालाची रोजची नोंद ठेवावी लागेल, असें जाहिरातींत म्हटलें आहे. हें काम मीं तीन हंगाम बागायतदाराच्या बाजूनें केलें आहे. तीन बागांच्या पेट्या, मजुरी, गाडीभाडें आणि बाजारांतून येणाऱ्या पट्ट्या यांचा मेळ मी घालतें. गेल्या वर्षीं एका पट्टींत अकरा पेट्या कमी धरल्या होत्या. माझ्या वहीवरून ती चूक दुरुस्त झाली. मी बी. कॉम. झालें आहें. टॅलीवर काम करतां येतें. जीएसटीचीं विवरणपत्रें मीं अजून भरलेलीं नाहींत. तें शिकावें लागेल. वही पाहावयाची असल्यास घेऊन येईन.'

या पत्रांत गुणवर्णन नाहीं. प्रत्येक वाक्य खरें कीं खोटें हें तपासून पाहतां येतें. जाहिरातींत काय हवें होतें तें अर्जदारानें वाचलें आहे, हें दिसतें. जें येत नाहीं तें तिनें न विचारतां सांगितलें आहे, म्हणून जें येतें म्हणून सांगितलें त्यावर विश्वास बसतो. आणि शेवटीं वहीचा पुरावा पुढें केला आहे. तिला मुलाखतीचें बोलावणें आलें, आणि तेथें बहुतेक बोलणें वहीविषयींच झालें. जागा मात्र जीएसटीचें काम येणाऱ्या दुसऱ्या उमेदवाराला मिळाली, आणि त्यांत गैर कांहीं झालें नाहीं. वाचणाऱ्यापुढें खरें चित्र उभें राहावें आणि या व्यक्तीला एकदां भेटावें असें त्याला वाटावें, एवढाच पत्राचा धर्म आहे. यापेक्षां अधिक आश्वासन जो देतो, तो पत्रांचा दुकानदार समजावा.

तेव्हां पत्र कसें लिहावें, याचे नियम लांबलचक नाहींत. शक्य असेल तर ज्या व्यक्तीनें तें वाचावयाचें तिचें नांव शोधून तिलाच उद्देशून लिहावें. कोणती जागा, हें पहिल्या वाक्यांत यावें. जाहिरात दोनदां वाचून, त्यांत सांगितलेल्या कामांपैकीं कोणतें आपण पूर्वीं कोणत्याही रूपानें केलें आहे, तें आठवावें. पगार मिळाला कीं नाहीं हा प्रश्न तेथें गौण आहे. अशीं दोन कामें, फार तर तीन, ठिकाण, काळ व आंकडे देऊन सांगावीं. एखादें महत्त्वाचें काम येत नसेल तर तें एका वाक्यांत कबूल करावें. घरची गरिबी आणि वडिलांचें आजारपण यांचा उल्लेख करूं नये. तीं दुःखें खरीं असलीं तरी त्यांवरून काम कसें होईल हें कळत नाहीं. सारें एका पानांत आटोपावें. आणि एका जागेचें पत्र दुसऱ्या जागेला कधींही पाठवूं नये; कारण ज्या अर्जांत दुसऱ्याच कंपनीचें नांव चुकून राहून गेलें आहे, तो वाचणाऱ्याच्या मनांतून कायमचा उतरतो.

एवढी साधी गोष्ट मुलांना कां येत नाहीं? दोष एकट्या मुलांचा नाहीं. शाळेंत अर्जलेखन हें कांहीं गुणांच्या प्रश्नाचें उत्तर असतें. कंपनी काल्पनिक, उमेदवार काल्पनिक, अनुभवही काल्पनिक. पत्ता, तारीख, विषय आणि 'आपला विश्वासू' हीं आपापल्या जागीं आलीं म्हणजे गुण पदरांत पडतात, आणि मधला मजकूर गाईडांतून पाठ केलेला असला तरी चालतो. ज्या अर्जांत खरें बोलण्याची सोयच नाहीं, तो वर्षानुवर्षें गिरविल्यावर खरा अर्जही खोटा लिहिला गेला तर नवल तें काय? एखाद्या शिक्षकानें 'गेल्या सुट्टींत केलेल्या एका कामाच्या आधारानें अर्ज लिहा' एवढा प्रश्न घालून पाहावा. गाईड मुकाट्यानें मिटावें लागेल.

दुसरा दोष आम्हां मध्यमवर्गीय घरांचा. गुणपत्रिका आम्ही जपून ठेवतों, आणि होडीचें इंजिन उघडून दुरुस्त करणाऱ्या मुलाला 'अभ्यास सोडून तेथें काय करतोस' म्हणून रागें भरतों. बचतगटाची वही लिहिणारी, आजीचें औषधपाणी वेळच्या वेळीं सांभाळणारी, दुकानाच्या उधारीचा हिशेब चोख ठेवणारी मुलगी आमच्या लेखीं 'कांहीं करीत नाहीं'. मुलगी तेंच ऐकते, आणि अर्जांत आपल्याविषयीं सांगण्यासारखें कांहीं नाहीं असें समजून विशेषणें उसनीं आणते. तिसरा दोष जाहिराती देणाऱ्यांचा. 'डायनॅमिक व महत्त्वाकांक्षी तरुण पाहिजेत' एवढेंच छापून कामाचें स्वरूप, वेळ व पगार यांविषयीं जो मालक मौन धरतो, त्याला विशेषणांचेच अर्ज यावे हें न्यायाचें आहे. पेरलें तसें उगवलें.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील. पहिला, 'वशिल्यावांचून कांहीं होत नाहीं. पत्र कसेंही लिहा.' वशिला नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण सर्व जागा वशिल्यानें जात नाहींत. आणि ज्याला वशिला नाहीं त्याच्यापाशीं पत्राशिवाय दुसरें साधन कोणतें? ज्याच्या हातांत एकच काठी आहे त्यानें ती किडकी घेऊन निघूं नये. दुसरा आक्षेप, 'शेंकडों अर्ज येतात, कोणी वाचीत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं संगणकच शब्द पाहून अर्ज निवडतो.' हें बऱ्याच अंशीं खरें आहे. पण संगणक जे शब्द शोधतो ते जाहिरातींतल्या कामाचे असतात, आणि कामाचें नांव घेऊन लिहिणाऱ्याच्या पत्रांत ते आपोआप येतात. चाळणींतून उतरलेले अर्ज शेवटीं माणसाच्याच हातांत पडतात. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: 'आमच्या मुलांना इंग्रजी येत नाहीं, म्हणून तीं तयार पत्र घेतात.' यावर आमचें उत्तर असें कीं आधीं मराठींत लिहा. आपण काय केलें हें ज्याला मातृभाषेंत सांगतां येत नाहीं, त्याला तें इंग्रजींतही सांगतां येणार नाहीं. मात्र इंग्रजींत तें झांकलें जाईल. मराठींत मजकूर पक्का झाला म्हणजे तो इंग्रजींत नेण्यास शिक्षक आहेत, शब्दकोश आहेत आणि तें यंत्रही आहे. तेथें यंत्राचा उपयोग खुशाल करावा. कारण सांगावयाचें तें आतां आपलें आहे.

आणि नोकरी मिळण्या-न मिळण्यापलीकडेही यांत कांहीं आहे. जो तरुण वर्षांमागून वर्षें स्वतःविषयीं खोटी किंवा पोकळ वाक्यें लिहितो, त्याला हळूहळू तींच आपलीं वाटूं लागतात. आपण कोण, आपल्याला काय येतें, काय येत नाहीं, याचा हिशेब त्याचा त्यालाच लागत नाहीं. उलट पानभर खरें लिहिण्यास जो बसतो, त्याला प्रथम स्वतःच्या कामाकडे नीट पाहावें लागतें. तें काम थोडें असेल तर थोडें दिसेल. पण जें दिसेल त्यावर पुढें भर घालतां येते. असें पत्र लिहिणें हें शिक्षणच आहे, आणि तें फुकट आहे.

म्हणून आमचें पालकांस व शिक्षकांस आग्रहाचें सांगणें आहे. घरांतील मुलगा अगर मुलगी अर्ज लिहावयास बसेल तेव्हां त्याच्या इंग्रजीची उठाठेव मागाहून करा. मायना कोणता, शेवट कोणता, हेंही मागाहून पाहा. आधीं त्याला जवळ बसवून एवढेंच विचारा: बाळ, आजपर्यंत तूं काय काय केलेंस? आणि तो सांगेल तें, मध्यें न तोडतां, ऐकून घ्या.